पडीक अ‍ॅलॉटमेंट ताब्यात आली की: तणनाशकाशिवाय माती सुधारण्याचं पहिलं वर्ष

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या आणि अ‍ॅलॉटमेंटच्या, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या भाजीपाल्याच्या प्लॉटच्या, वेटिंग लिस्टमधून अखेर नंबर लागलेल्या मराठी मंडळींसाठी हे आहे. किल्ली मिळते तेव्हा प्लॉटवर बहुधा कमरेएवढं गवत, काटेरी झुडपं आणि आधीच्या माणसाने टाकलेला लोखंडी-प्लॅस्टिकचा पसारा असतो. जुन्या मापाचा पूर्ण प्लॉट 10 रॉडचा, म्हणजे साधारण 250 चौरस मीटर असतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्धाच देतात. अर्धा मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका. नोकरी सांभाळून पहिल्या वर्षी तेवढाच आवरतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात नांगरट करून जमीन तापू देतात. हरळी-लव्हाळ्याच्या मुळ्या वर येतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात वाळून मरतात. ही सवय इथे घात करते. इथल्या ओल्या मातीवर उलटून टाकलेली काउच ग्रासची, म्हणजे इथल्या हरळीसारख्या तणाची, मुळी वाळत नाही, पुन्हा धरते. म्हणून रोटाव्हेटर भाड्याने आणून सगळा प्लॉट एका शनिवारी फिरवून घेऊ नका. दोन आठवडे जमीन काळीभोर, भुसभुशीत दिसेल. मग मुळीच्या प्रत्येक तुकड्यातून नवा कोंब येईल आणि आधीपेक्षा दाट रान माजेल. तिकडे जे काम ऊन करतं, ते इथे अंधाराकडून करून घ्यायचं.

हात घालण्यापूर्वी करारपत्र नीट वाचा. किती महिन्यांत किती भाग लागवडीखाली हवा, शेकोटी चालते का, पाण्याची नळी लावता येते का, हे प्रत्येक साइटवर वेगळं असतं. जुनी कार्पेटं अंथरणं बऱ्याच ठिकाणी मना आहे आणि ते योग्यच आहे: त्यांचे कृत्रिम धागे आणि रंग मातीत उतरतात. शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर फोडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. बांबूसारखे पोकळ, लालसर ठिपक्यांचे दांडे आणि फावड्याच्या आकाराची पानं दिसली तर तो जपानी नॉटवीड, म्हणजे झपाट्याने पसरणारं चिवट तण, असू शकतो. त्याला खणू नका, कापून बाहेर नेऊ नका, आधी साइट सेक्रेटरीला दाखवा. मार्च ते ऑगस्टमध्ये काटेरी झुडपं तोडण्यापूर्वी आत घरटं नाही ना, ते बघा. वापरात असलेलं घरटं मोडणं 1981 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

मग तण ओळखा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. काउच ग्रास ही हरळीसारखी पसरणारी. तिच्या पांढऱ्या, टोकदार मुळ्या बहुतेक वरच्या 10-15 सेंटिमीटरमध्येच असतात. फावड्याने तुकडे होतात, म्हणून चार दातांचा फोर्क घालून माती सैल करा आणि मुळी अख्खी ओढून काढा. डॉक हा आपल्या चुक्याच्या कुळातला, गाजरासारख्या सोटमुळाचा. त्याचा वरचा 10-15 सेंटिमीटर भाग निघाला की पुरे, खालचा तुकडा सहसा फुटत नाही. मात्र बी धरण्याआधी काढा, ते जमिनीत कित्येक दशकं जिवंत राहतं. ब्रँबलचे (रानटी ब्लॅकबेरीचे) काटेरी वेल 30 सेंटिमीटरवर कापा. तेवढा बुंधा धरायला लागतो. मग कुदळीने गड्डा उपटा. वेलाचं टोक जिथे मातीला टेकलंय तिथेही मुळं फुटलेली असतात, ती विसरू नका. अंगाला झोंबणारी नेटल उंच आणि दाट माजली असेल तर आनंद माना, तिथे जमीन सकस आहे.

बाइंडवीड आणि हॉर्सटेल हे मात्र चिवट. बाइंडवीड गारवेलीच्या कुळातली, मुळं खूप खोल. सगळी खणून निघत नाहीत, आणि बोटाच्या पेराएवढा तुकडाही फुटतो. दर आठवड्याला कोंब जमिनीलगत तोडत राहिलं की मुळातला साठा संपत जातो, पण त्याला दोन-तीन हंगाम लागतात. हॉर्सटेल दोन मीटरपर्यंत खाली जाते. तिला झाकून किंवा खणून संपवता येत नाही. वर दिसली की कापायची, आणि मातीत भरपूर सेंद्रिय खत घालून पीक दाट वाढवायचं, म्हणजे ती मागे हटते. मीठ टाकू नका, माती वर्षानुवर्षं नापीक होते. व्हिनेगरने फक्त पानं करपतात.

आता झाकण्याचं काम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत जमिनीलगत कापा आणि यंदा जिथे लावायचं नाही तो भाग काळ्या जाड प्लॅस्टिकने किंवा विणलेल्या तणरोधक कापडाने झाका. कडा 15 सेंटिमीटर खोल चरात दाबा. नुसत्या विटा ठेवल्या तर वाऱ्याने कापड शेजाऱ्याच्या प्लॉटवर जातं. हिवाळ्यात तण झोपलेलं असतं, त्यामुळे खरी उपासमार मार्चनंतर सुरू होते. साध्या हंगामी तणाला वाढीचे दोन-तीन महिने पुरतात, काउच ग्रासला पूर्ण वर्ष लागतं. फेब्रुवारीत उचलून ‘मेलं नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतील.

यंदा लावायच्या भागात 1.2 मीटर रुंद, 4 मीटर लांब असे दोनच वाफे करा, मध्ये 45 सेंटिमीटरची वाट. गवत कापून त्यावर तपकिरी खोक्यांचा पुठ्ठा दुहेरी अंथरा. टेप आणि पिना आधी काढा, चकचकीत छपाईचा पुठ्ठा घेऊ नका. तुकडे एकमेकांवर 20 सेंटिमीटर चढले पाहिजेत. तण नेमकं फटीतून वर येतं. पुठ्ठा भिजवून त्यावर 10 सेंटिमीटर कुजलेलं खत पसरा. एका वाफ्याला साधारण 480 लिटर खत लागतं, म्हणजे 50 लिटरच्या दहा पिशव्या किंवा पाच-सहा व्हीलबॅरो. म्हणूनच दोन वाफे म्हटलं. खत पातळ पसरून चार वाफे केले तर चारही वाया जातात. वाटेवर 8-10 सेंटिमीटर लाकडाचा चुरा टाका. झाडं छाटणारे तो अनेकदा फुकट देतात. तो मातीत मिसळू नका, कुजताना नत्र ओढून घेतो.

खताबद्दल सगळ्यात मोठी सावधगिरी. तबेल्यातलं घोड्याचं शेणखत स्वस्त मिळतं, पण कुरणावर फवारलेलं अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक गवतातून घोड्याच्या पोटात आणि तिथून जसंच्या तसं शेणात येतं. 2008 साली यामुळे इथल्या अनेक अ‍ॅलॉटमेंटवर पिकं गेली. आपण काही फवारलं नाही तरी विष आत येतं ते असं. तबेलेवाला गवत विकत आणत असेल तर त्यालाही माहीत नसतं. म्हणून परीक्षा घ्या: तीन कुंड्यांत निम्मं शेणखत, निम्मं विकतचं कंपोस्ट, तीन कुंड्यांत नुसतं कंपोस्ट. प्रत्येकीत तीन ब्रॉड बीन्स लावा, खालच्या बशा वेगळ्या ठेवा, नाहीतर पाणी मिसळतं. चार आठवड्यांनी शेणखतातल्या रोपांची पानं द्रोणासारखी वळलेली, नेच्यासारखी आक्रसलेली दिसली तर तो ढीग घेऊ नका. आधीच पसरलं असेल तर तिथे टोमॅटो, बटाटा आणि शेंगवर्गीय पिकं टाळा, मका चालतो. अधूनमधून माती हलवत राहा, जिवाणू हळूहळू ते मोडतात. ताजं खत असेल तर सहा महिने झाकून कुजवा. चुना आणि शेणखत एकाच वेळी घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

लंडनच्या आसपास बरीच माती चिकण आहे. इथे वाफसा ओळखण्याची आपली नजर फार कामाची. मूठभर माती दाबा: चकचकीत गोळा झाला तर त्या दिवशी घरी जा. ओल्या चिकणमातीवर चाललं तरी ती विटेसारखी होते. जायचंच असेल तर फळी टाकून तिच्यावर उभे राहा.

काढलेल्या काउच आणि बाइंडवीडच्या मुळ्या थेट कंपोस्टमध्ये टाकू नका. झाकणाच्या बादलीत पाण्यात पाच-सहा आठवडे बुडवून पूर्ण सडवा, मग पाण्यासकट ढिगावर ओता. वास भयंकर येतो, बादली कुंपणापासून लांब ठेवा. कंपोस्टचा कप्पा चार पॅलेट बांधून होतो. त्यांवर ‘एचटी’ (उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं लाकूड) शिक्का असावा. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते नको.

पहिल्या वर्षी बारीक बी पेरू नका. पुठ्ठ्याखाली स्लग (बिनशंखाच्या गोगलगाई) लपतात आणि कोवळे अंकुर एका रात्रीत फस्त करतात. त्यांना मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांवर 2022 पासून बंदी आहे, तेव्हा कुंडीत वाढवलेली मोठी रोपंच लावा. एप्रिलच्या मध्यावर बटाटे, 40 सेंटिमीटर अंतरावर. दक्षिण इंग्लंडात जूनच्या सुरुवातीला, थंडीचा धोका गेल्यावर, पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात बादलीभर खत घाला आणि भोपळा किंवा कुर्जेट (झुकिनी) लावा. त्यांची पानं जमीन झाकून उरलेलं काम करतात.

रिकामी झालेली जागा उघडी ठेवू नका. तिकडे जसा ताग, तसं इथे हिरवळीचं खत म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ग्रेझिंग राय (गव्हाच्या जातीचं धान्य, मोहरी नव्हे) किंवा फील्ड बीन्स पेरतात. राय गाडल्यावर तीन-चार आठवडे बी पेरू नये, कुजताना तिच्यातून सुटणाऱ्या द्रव्यांनी बियांची उगवण थांबते. आणि एप्रिल ते ऑगस्ट या काळात आपली मेथीच टाका, इथे बियाण्याच्या दुकानांत ती हिरवळीचं खत म्हणूनच मिळते. तिच्या मुळांचे जिवाणू इथल्या मातीत सहसा नसतात, त्यामुळे नत्राची आशा धरू नका. पण ती दाट पेरली की तण दबतं. वरची पानं भाजीला खुडा, उरलेली फुलण्याआधी कापून तिथेच पसरा.