शुगर-बीपीचं ॲप मोबाइलमध्ये घेताय? या चुका टाळा

बेळगावात शहापूरला माझं मेडिकल आहे. पूर्वी लोक काउंटरवर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवायचे, आता मोबाइल ठेवतात. ‘अण्णा, हे ॲप चांगलं हाय काय बघा की जरा.’ मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली, त्यातल्या एकाची बस सुटायला आलेली, आणि मी कुणाच्या तरी शुगरचा लाल-हिरवा आलेख डोळे बारीक करून बघत उभा. बरं, चुका नवीन असत्या तरी गोष्ट वेगळी. माणसं बदलतात, चुका त्याच. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

ॲपचं मराठी न वाचता ॲप घरात आणणं

खानापूर तालुक्यातल्या एक आक्का आहेत, साठी ओलांडलेल्या. मुलगा पुण्याला नोकरीला. गणपतीला आला तेव्हा त्यानं आईच्या फोनमध्ये शुगरचं ॲप घालून दिलं, भाषा मराठी करून दिली आणि तो गेला. दिवाळी झाल्यावर आक्का दुकानात आल्या. ‘अण्णा, अनशापोटीची शुगर दोनशेच्या खाली येईना झालीया. गोळी वाढवून घ्यावी काय?’

मी फोन बघितला. दोन महिन्यांत नोंदी जेमतेम दहा. सगळ्या गुरुवारच्या, मध्ये दोन एकादशीच्या. वेळ प्रत्येक वेळी सकाळी अकरा-साडेअकरा. विचारलं, ‘आक्का, गुरुवारीच का बघता?’ त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मलाच काही कळत नाही. ‘त्यात उपवासाची साखर म्हणून विचारलंय की. माझा उपवास गुरुवारी. मग त्या दिवशीच बघायला पाहिजे न्हवं?’

साबुदाण्याची खिचडी खाऊन, वर एक केळं खाऊन आक्का बोट टोचत होत्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शुगर दोनशेच्या वर जाईल नाही तर काय होईल? इंग्रजीतल्या फास्टिंगचं कुणीतरी भाषांतराच्या मशीनवर घालून ‘उपवास’ केलं होतं. आपल्याकडे डॉक्टर, कंपाउंडर, लॅबवाला सगळे ‘अनशापोटी’ म्हणतात, म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर निदान आठ तास पाण्याशिवाय पोटात काही नाही. हा शब्द ॲप बनवणाऱ्याच्या कानावर कधी पडलाच नसावा. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या, चहाच्या आधी बघायला सांगितलं. १३४ आली. तो दोनशेचा आलेख घेऊन आक्का तशाच दवाखान्यात गेल्या असत्या, तर गोळी वाढली असती आणि मग घाम फुटून चक्कर येण्याची पाळी आली असती.

यात आक्कांची चूक मी मानत नाही. चूक मुलाची, पाच मिनिटं आईजवळ बसायचा कंटाळा केला त्याची. आमच्या सीमाभागात घरात मराठी, सरकारी कागदावर कन्नड, लॅबच्या रिपोर्टवर इंग्रजी. या तिन्हींतून वाट काढायची आम्हाला सवय आहे. ॲपनं चौथीच भाषा आणली, मराठी अक्षरांतलं इंग्रजी.

माझी सवय सांगतो. ॲपमधला प्रत्येक प्रश्न घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि विचारायचं, ‘यात काय विचारलंय, तुम्ही सांगा.’ दोन प्रश्नांची उत्तरं भलतीच आली, तर ॲप काढून टाकायचं. तारे किती का असेनात.

मशीनच्या आकड्याचं माप न बघणं

लंडनहून भाच्यानं मशीन पाठवलं, त्याच्याबरोबरचं ॲप. मामा खूश. ‘शुगर आठावर आली!’ तिकडचं माप मिलिमोलमध्ये असतं, आपलं मिलीग्रॅममध्ये. अठरानं गुणायचं. आठ म्हणजे १४४. याच मामांनी मग तीन महिन्यांच्या सरासरीच्या (एचबीए१सी) रिपोर्टवरचा आठ टक्के आणि मशीनवरचा आठ एकच समजून घरात वाद घातला, तो वेगळाच. सेटिंगमध्ये जाऊन माप आधी बदला, मग बोट टोचा.

तारे आणि रंगरूप बघून भुलणं

ॲप उतरवल्यावर दुसऱ्याच दिवशी पाच तारे देणारा माणूस ॲपच्या रंगाला तारे देतो. शुगरच्या ॲपची लायकी कळायला निदान पंधरा दिवस लागतात. अभ्यासकांनी यावर मोजपट्टी काढलेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड इथल्या मंडळींनी २०१५ मध्ये ‘मार्स’ नावाची २३ प्रश्नांची पट्टी छापली, आणि पुढच्या वर्षी साध्या वापरणाऱ्यांसाठी तिचं सोपं रूप. मन किती गुंततं, चालतं कसं, दिसतं कसं आणि माहिती कशी, असे चार भाग, आणि चौघांची सरासरी. पट्टी चांगली आहे, खरं मला तिच्यातली एक गोष्ट खटकते. दिसण्याला आणि माहितीला सारखंच वजन. म्हणजे गुळगुळीत चेहऱ्याचं, आत चुकीचा सल्ला देणारं ॲपही बरे गुण मिळवून जाऊ शकतं. मी आधी माहितीचे प्रश्न घेतो. कुणी लिहिलंय, कशाच्या आधारावर, शेवटचं कधी सुधारलंय. तिथं नापास झालं की पुढचं बघतच नाही.

चुकीचा आकडा घालून न बघणं

ही माझी सगळ्यात आवडती परीक्षा. नवं ॲप घेतलं की मी त्यात शुगर १२०० घालतो. मग ५ घालतो. बीपी वरचं ८० आणि खालचं १२० असं उलटं घालतो. शहाणं ॲप थांबवतं, ‘परत बघा’ म्हणतं. बाकीची मुकाट्यानं घेतात आणि आलेखात टिंब ठेवतात. १२० लिहिताना एक शून्य जास्त पडणं म्हाताऱ्या बोटांना किती सोपं आहे, हे काउंटरवर रोज दिसतं.

हा माझ्या एकट्याचा विक्षिप्तपणा नाही. इंग्लंडच्या संशोधकांनी इन्सुलिनचा डोस काढून देणारी ४६ ॲपं तपासली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापला. ९१ टक्के ॲपं घातलेला आकडा खरा-खोटा बघतच नव्हती. ६७ टक्के ॲपांत चुकीचा डोस सांगितला जाण्याचा धोका होता. एकच ॲप निर्दोष निघालं. तेव्हापासून बरीच ॲपं सुधारली असतील, खरं मी अजून १२०० घालतो.

आता यात आपली भाकरी आणा. असली ॲपं तुम्ही खाल्लेल्या पिष्टावरून हिशेब करतात. एकदा दुपारी दुकान बंद असताना मी घरच्या काट्यावर भाकरीचं पीठ तोलून बघितलं. बायको पहिल्यांदा हसली, मग तिनंच परात पुढं सरकवली. एका भाकरीला ८० ग्रॅम जोंधळ्याचं पीठ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम जोंधळ्यात साधारण ६८ ग्रॅम पिष्ट धरलंय, म्हणजे आमच्या एका भाकरीत ५४ ग्रॅम. फोनमधल्या ॲपात भाकरी हा शब्दच नव्हता. ‘रोटी १’ निवडलं, तर १८ ग्रॅम दाखवलं. तिप्पट फरक, आणि हा एका भाकरीचा. शेतावरून आलेला माणूस एकीवर उठत नाही. आमच्या बेळगावची गोडं, कुंदा आणि मांडे, तर शोधूच नका.

ज्यांना इन्सुलिन चालू आहे त्यांना मी हात जोडून सांगतो, डोस डॉक्टर ठरवतील. ॲप नोंदीपुरतं ठेवा. घरातलं एक ठरावीक भांडं, एक ठरावीक भाकरी तोलून ठेवा आणि तो आकडा ॲपात स्वतः भरा. भरू देत नसेल, तर ते ॲप आपल्याकडच्या माणसासाठी केलेलंच नाही.

कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी मोजणं

पोरांना हा शॉर्टकट फार आवडतो. पट्टा बांधायचा, पाच मिनिटं गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीला ठेवायचा, एवढा धीर कुणाला आहे? अमेरिकेत असंच एक ॲप २०१४ ते २०१५ जोरात विकलं गेलं. नंतर जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ते पट्ट्याच्या मशीनशी ताडून बघितलं. २०१६ मध्ये निकाल छापला. ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं, त्यांतल्या दर पाचांपैकी जवळजवळ चौघांना ॲप ‘ठीक आहे’ म्हणत होतं. न टोचता शुगर सांगणाऱ्या घड्याळांचंही तेच. अमेरिकेच्या औषध खात्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना सावध केलं, अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही म्हणून. तरी माझ्या काउंटरवर ते घड्याळ बांधून लोक स्ट्रिप्स परत करायला येतात. उघडलेली डबी मी परत घेत नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

शुगर एकदम उतरल्यावर ‘९११ ला फोन करा’ सांगणारं ॲप आपल्या कामाचं नाही, आपल्याकडे १०८.

खानापूरच्या रानात कणकुंबी-जांबोटीकडे पावसात नेटवर्क गेलं की उघडतच नाही, असं ॲप रानातल्या माणसाला देऊ नका. फोन विमान मोडमध्ये टाकून एकदा बघा.

शुगर लिहायला ॲपला तुमचे सगळे फोन नंबर कशाला लागतात? नको म्हणा. नको म्हटल्यावर चालत नसेल, तर काढा. प्ले स्टोअरवर डेटा सुरक्षिततेचा जो रकाना दिसतो, तो ॲपवाल्यानं स्वतःच भरलेला असतो, हेही ध्यानात असू द्या.

फोन बदलला आणि दोन वर्षांच्या नोंदी गेल्या, ही तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नका. महिन्याला एकदा नोंदी बाहेर काढून फाईल जपून ठेवा. मी तर शंभर पानी वही ठेवतो आणि पहिले पंधरा दिवस ॲप आणि वही दोन्ही चालवतो. पोरं हसतात. हसू देत.

आक्कांनी ते ॲप काढलं नाही, लेकानं घालून दिलंय म्हणून. मशीनच्या डबीवर मात्र चिकटपट्टी लावून बॉलपेननं लिहून घेतलंय, ‘चहाच्या आधी’. गुरुवारी आता त्या बोट टोचत नाहीत.