मक्यावर मका पेरण्याआधी

पेरणीला अजून थोडे दिवस आहेत. गेल्या खरिपात मका घेतलेल्या रानात एकदा जाऊन पायाखाली पाहा. धसकटे आणि रोटाव्हेटरने नुसती वरवर कापलेली, अर्धवट कुजलेली धाटे दिसतील. दाण्यावर पांढरी-गुलाबी दिसणारी फ्युजारियम बुरशी याच धाटांत उन्हाळा काढते. पाऊस पडला की तिचे बीजाणू वाऱ्याने आणि शिंतोड्यांनी नव्या कणसाच्या केसांपर्यंत पोचतात. दाण्यात ती फ्युमोनिसीन नावाचे विष तयार करते. 1995 मध्ये दख्खनच्या पठारावर काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले, ते याच विषाने.

इथेनॉलमुळे मक्याला मागणी आली आणि एकाच रानात खरिपात मका, उन्हाळ्यात पुन्हा मका असे सुरू झाले. आपल्याकडे ‘बिवड’ हा शब्द आहे. आधीच्या पिकाने मागे काय ठेवले, ते जुनी माणसे पेरणीआधी विचारत. मक्याला सोयाबीन, तूर किंवा हरभऱ्याचे बिवड चांगले. ज्वारीनंतर मका घेतला तर पीक बदलले असे वाटते, पण बुरशीला तेच घर मिळते. भुईमूग शेंगवर्गीय असला तरी इथे त्याच्यावर भिस्त ठेवू नका, कारण अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी दोन्ही पिकांवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते.

फेरपालट शक्यच नसेल तर धाटे रानात ठेवू नका. कुट्टी करून खत करा, किंवा खोल नांगरट करून गाडा. पेटवू मात्र नका.

अफ्लाटॉक्सिनचे गणित थोडे निराळे आहे. ही बुरशी मातीत सगळीकडे असते, त्यामुळे नुसत्या फेरपालटाने ती हटत नाही. पीक उपाशी आणि तहानलेले असले की तिचे फावते. म्हणून खताचा विषय विषाशीही जोडलेला आहे. नत्र कमी पडले तर ताणातल्या कणसात अफ्लाटॉक्सिन वाढते. उलट युरिया ओतला तर पीक माजते, लोळते, उशिरा पक्व होते, कणसे ओलीच राहतात आणि फ्युजारियमला ते हवेच असते.

संकरित मक्याला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद, 40 किलो पालाश ही शिफारस आहे. एकरी हिशोब असा: पेरताना 3 गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट, सुमारे 27 किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि 35 किलो युरिया. पुढे 30 दिवसांनी 35 किलो आणि 40 ते 45 दिवसांनी 35 किलो युरिया. माती परीक्षण केले असेल तर त्याप्रमाणे बदल करा. पालाश बहुतेक जण गाळतात, आणि मला ती सगळ्यात मोठी चूक वाटते. धाट मजबूत राहते ते त्यानेच.

तुरा आणि केस येताना, तसेच दाणा भरताना पावसात खंड पडला तर असेल तेवढे पाणी तिथेच द्या. लष्करी अळीने कणीस पोखरले की त्याच भोकातून बुरशी आत जाते, तेव्हा पोंग्यातच, म्हणजे कोवळ्या पानांच्या गुंडाळीत असतानाच, अळीचा बंदोबस्त करा.

काढणीनंतर कणसे ओल्या जमिनीवर ढीग घालून ठेवू नका. ताडपत्रीवर पातळ पसरा, बुरशीची कणसे मळणीआधीच बाजूला काढा आणि दाण्याची ओल 12 टक्क्यांवर आली की मगच पोती भरा. 1974 च्या ऑक्टोबरात राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृत निकामी होऊन गेली. भाजल्याने, शिजवल्याने अफ्लाटॉक्सिन पुरते जात नाही.

बाजूला काढलेली कणसे गाईम्हशींना घालणे हा आपला नेहमीचा मार्ग आहे. तोही बंद करा. ते विष रूप बदलून दुधात उतरते, आणि ते दूध घरातली मुलेच आधी पितात. इथेनॉल कारखान्यातून निघणाऱ्या चोथ्यातही विष मूळ दाण्याच्या सुमारे तिप्पट साठते आणि तो पशुखाद्यातच येतो. धान्यातल्या अफ्लाटॉक्सिनची कायदेशीर मर्यादा किलोला 15 मायक्रोग्रॅम आहे. एवढेसे विष डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारा पण भिजलेला माल विकण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या.