गोव्यात कॉन्फरन्स ठेवताय? या चुका टाळा

हॉटेलशी करार झाला की आयोजक निर्धास्त होतात. पण गोव्यात कॉन्फरन्स अडते ती बहुधा त्या करारात नाव नसलेल्या माणसांपाशी: टॅक्सीवाले, साउंडवाले, केटरर, मांडववाले. त्यांना शेवटच्या आठवड्यात फोन गेला तर संकटाच्या वेळी त्यांनी आपल्याला सांभाळून घ्यावं असं म्हणायला तोंड राहत नाही.

डेलिगेटच्या यादीत नुसतं ‘गोवा’ लिहिणं. जानेवारी २०२३ पासून गोव्यात दोन विमानतळ चालू आहेत. हॉटेल दक्षिण गोव्यातल्या केळशीला, गाड्या दाबोळीला आणि पाहुणे उत्तरेच्या मोपाला उतरलेले, म्हणजे सकाळचं सत्र गेलंच म्हणून समजा. यादीत विमानतळाचा कोड घ्या: दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. मुंबई-पुण्यासारखं ‘ज्याने त्याने अ‍ॅपवरून गाडी बोलवावी’ हे इथे गृहीत धरू नका. स्थानिक वाहतूकदाराला हॉटेल ठरवतानाच सोबत घ्या, विमानं उशिरा आली तर गाड्या किती वेळ थांबणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हेही तेव्हाच ठरवा.

लॉनवरच्या डिनरला रात्री दहाची आठवण न ठेवणं. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. भाषणं लांबतात, पुरस्कार साडेनऊला सुरू होतात आणि बँडवाले नुसते बसून राहतात. बँड आधी ठेवा, नाहीतर बंदिस्त हॉल हाताशी ठेवा.

‘रद्द’ एवढाच पर्याय करारात असणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बार्सिलोनाची मोबाइल वर्ल्ड काँग्रेस, म्हणजे मोबाइल उद्योगाचं मोठं वार्षिक अधिवेशन, १२ फेब्रुवारी २०२० रोजी रद्द झाली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलेलंही नव्हतं. ते झालं ११ मार्चला. मोठे प्रदर्शक एकेक करून आधीच बाहेर पडले होते. म्हणजे सरकारी आदेश नसतानाही कार्यक्रम कोसळू शकतो, आणि तुमच्या करारातलं ‘रद्द’चं कलम मात्र सरकारी आदेशाचीच वाट बघत बसलेलं असतं. बार्सिलोनात पुढे आयोजक आणि शहराने यजमानपदाचा करार एका वर्षाने वाढवला, २०२१ चं अधिवेशन जूनअखेर भरवलं. आपल्या करारात तारीख पुढे ढकलण्याची सोय, अ‍ॅडव्हान्स पुढच्या तारखेला वळता करण्याची अट आणि किती डेलिगेट गळाले तर काय करायचं, हे लिहून घ्या. विमा असेल तर साथीचे आजार त्यातून वगळलेत का, तेही वाचा. कोविडनंतर अनेक पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात.

व्हेंडरचं बिल लटकवणं. हॉटेल आगाऊ पैसे घेतं, मांडववाला तीन महिने फोन करत राहतो. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत. कायदा बाजूला ठेवला तरी, पावसाने मांडव कोसळल्यावर रात्री एक वाजता माणसं घेऊन कोण येईल? ज्याचं मागचं बिल वेळेवर चुकतं झालंय, तोच.

सगळ्यांना एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून समन्वय झाला असं मानणं. त्यावर ‘नोटेड’ आलं म्हणजे कुणीच काही टिपून घेतलेलं नसतं, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. दोन दिवस आधी हॉटेल, वाहतूकदार, केटरर आणि साउंडवाल्याला जागेवर बोलवा. वीज गेली, पाऊस आला, विमान रद्द झालं, प्रत्येक वेळी निर्णय कोण घेणार हे नावानिशी ठरवा आणि त्या माणसाचा नंबर छापील कागदावर प्रत्येकाच्या हातात द्या.