सुई हललीच नाही, म्हणून ग्रुपवर विचारलं

नवीन शाळेत रुजू झालात ना, मग एव्हाना पाच-सहा व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कोणीतरी तुम्हाला ॲड केलेलंच असेल. शाळेचा एक, वॉर्डातल्या शाळांचा एक, विषयाचा एक, संघटनेचे दोन (दोन्ही संघटना एकमेकींशी बोलत नाहीत), आणि एक असा की तो कशाचा आहे हे ॲडमिनलाही आठवत नाही. सकाळी उठून बघाल तर एकशे चाळीस मेसेज, त्यातले नव्वद फुलांचे. मी रुजू झाले तेव्हा माझंही हेच झालं होतं आणि दोन महिन्यांत मी सगळेच ग्रुप म्यूट करून टाकले होते. ते चुकीचं होतं असं नाही, पण त्यातून काही शिकायचं असतं हे कळायला मला पुढे एक पूर्ण वर्ष गेलं, ते तुमचं जाऊ नये म्हणून लिहितेय.

मी डोंबिवलीला राहते, शाळा विक्रोळीची, मराठी माध्यम, दुपार अधिवेशन, विषय विज्ञान. शिक्षणसेवक होते तेव्हा माध्यमिकला महिना ८००० मानधन मिळायचं (जानेवारी २०२३ पासून ते १८००० झालंय, नशीबवान आहात), त्यामुळे पैसे भरून कोर्स वगैरे करायचा विषयच नव्हता. होता तो एक फोन आणि लेडीज डब्यातली रोजची चाळीसेक मिनिटं, आणि त्यातही बसायला जागा मिळाली तर.

आता सुईची गोष्ट. दहावीला विद्युतधारेचे परिणाम हा धडा आहे, त्यात ओरस्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाचा प्रयोग येतो. १८२० साली त्याला दिसलं की तारेतून करंट गेला की जवळची चुंबकसूची हलते. पुस्तकात सोपं वाटतं. मी टेबलावर सूची ठेवली, वरून तांब्याची तार नेली, सेल जोडला, पोरं सगळी बाकांवरून पुढे वाकली, आणि सुई काही हलेना. सेल बदलला, तार बदलली, तरी नाही. मागून एकाने विचारलं, "बाई, ओरस्टेडकडे वेगळी सुई होती का?" अख्खा वर्ग हसला. मीही हसले पण पोटात गोळा आला होता, कारण त्या दिवशी मी पोरांना "असं व्हायला हवं होतं" असं फळ्यावर चित्र काढून सांगितलं, आणि विज्ञानाच्या बाईने हे सांगणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेल.

स्टाफरूममध्ये विचारलं तर एक सीनियर सर म्हणाले, मॅडम तो प्रयोग कोणाचाच होत नाही, सोडून द्या, बोर्डात विचारला तरी आकृतीच विचारतात. त्या संध्याकाळी ट्रेनमधून मी विषयाच्या ग्रुपवर लिहिलं, "ओरस्टेडचा प्रयोग कसा घ्यावा, कृपया मार्गदर्शन करावे." उत्तर? दोन थम्सअप, एक "छान प्रश्न मॅडम", आणि त्याखाली कोणाच्या तरी मुलीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्या रात्रीपर्यंत चालल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला मी तीच मांडणी परत केली, वरून फोटो काढला आणि लिहिलं की सेल दीड व्होल्टचा एक, तार अशी, सुई अशी, जोडल्यावर अजिबात हलत नाही, माझं काय चुकतंय? अकरा मिनिटांत उत्तर आलं. सिंधुदुर्गातल्या एका सरांचं, ज्यांना मी कधी बघितलेलंही नव्हतं. "मॅडम, तुमची तार पूर्व-पश्चिम आहे. सुई उत्तर-दक्षिण असते, तार तिला समांतर ठेवा, बरोबर वरून. आडवी ठेवली तर तारेचं चुंबकीय क्षेत्रही उत्तर-दक्षिणच येतं, मग सुई वळेल कशाला? सेल दोन-तीन सेकंदच जोडा, नाहीतर तार तापेल आणि सेल उतरेल. आणि फोटोत कडेला कोणाचा तरी फोन दिसतोय तो लांब ठेवा, त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं." तार वळवली. सुई टपकन फिरली. मी स्टाफरूममध्ये एकटीच ओरडले, शिपाईमामा बघायला आले काय झालं म्हणून.

मला नव्या लोकांना सांगायचं ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याचे फाटे. सोशल मीडियावर आपण आपला चांगला झालेला तास टाकतो, रांगोळी, तक्ते, हातात मॉडेल घेतलेली पोरं, आणि त्यावर "अभिनंदन" येतं. अभिनंदन वाचून बरं वाटतं, शिकायला काही मिळत नाही. जो तास फसला तो टाका, फोटोसकट, नेमकं कुठे फसलं ते लिहून. "मार्गदर्शन करावे" याला कोणी मार्गदर्शन करत नाही कारण समोरच्याला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. "नववीतली आठ-दहा मुलं ऋण संख्यांची वजाबाकी अजून चुकतात, संख्यारेषा दाखवून झाली, आता काय करू" असं लिहा, मग बघा गडचिरोलीपासून पालघरपर्यंतचे लोक कसे जागे होतात. लाज वाटते, मान्य, मला अजूनही वाटते. पहिल्यांदा लिहिताना मी मेसेज तीनदा टाइप करून डिलीट केला होता, ग्रुपमध्ये आमच्या हेडमास्तरांचा नंबरही होता म्हणून.

आता कुठे काय चालतं ते थोडक्यात सांगते, प्रत्येकाचं वेगळं असतं. व्हॉट्सॲपला उत्तर पटकन येतं पण ते वाहून जातं, चार दिवसांनी शोधलं तर सापडत नाही, फाइल उघडायला जावी तर ती फोनवरून उडालेली. म्हणून कामाचं काही दिसलं की मी ते लगेच स्वतःलाच पाठवते, स्वतःच्या नंबरवर, वर एका ओळीत इयत्ता आणि धडा लिहून. ही सवय लावून घ्या, मी तर म्हणते बाकी काही नाही केलंत तरी चालेल. व्हॉट्सॲप ग्रुपला १०२४ माणसांची मर्यादा आहे, आधी २५६ होती तेव्हा एकाच विषयाचे ग्रुप क्रमांक एक, दोन, तीन असे निघायचे. टेलिग्रामला ही अडचण नाही, चॅनलवर तुम्ही आज आलात तरी मागच्या सगळ्या फाइली दिसतात, त्यामुळे प्रश्नपत्रिका, नियोजन, वर्कशीट यासाठी ते बरं. गप्पा मात्र तिथे फार होत नाहीत. फेसबुकवर आपल्यापेक्षा मोठ्या वयाचे शिक्षक जास्त भेटतात, आणि त्यांच्याकडे वेळ असतो, लांब लिहितात, निवृत्त झालेल्या एका बाईंनी मला भिंगांचा धडा कसा फोडायचा हे तीन पोस्टमध्ये लिहून दिलं होतं, अजून जपून ठेवलंय.

ट्विटर, म्हणजे आता एक्स, तिकडे मी हौसेने गेले होते. तिथे एडचॅट नावाचा हॅशटॅग आहे, २००९ पासूनचा, अमेरिकेतले शिक्षक मंगळवारी ठरलेल्या वेळेला एकच विषय घेऊन बोलायचे. कल्पना झकास आहे. पण तिकडची मंगळवार संध्याकाळ म्हणजे आपली बुधवारची पहाट, आणि बुधवारी पहाटे मी पोळ्या लाटत असते. नंतर वाचलं तरी चालतं, पण वीस मुलांच्या वर्गातल्या चर्चा वाचून माझ्या बासष्टच्या वर्गात काय करू? तरी ती पद्धत आम्ही उचलली. आम्ही आठ-नऊ विज्ञान शिक्षक दर गुरुवारी रात्री नऊ ते साडेनऊ फक्त एका धड्यावर बोलतो, त्या अर्ध्या तासात शुभेच्छा टाकायच्या नाहीत, एवढा एकच नियम. मोठ्या ग्रुपमधून ओळख झालेले लोक असा छोटा ग्रुप करतात ना, खरं शिक्षण तिथेच होतं असं माझं मत आहे. मोठा ग्रुप म्हणजे दादर स्टेशन, माणसं तिथे दिसतात, बोलायला बाहेर कुठेतरी चहाच्या टपरीवरच जावं लागतं.

यूट्यूबवर मी प्रयोग बघते, दीड पट स्पीडला. अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी तुम्हाला माहीत असतीलच, नसतील तर आजच बघा, स्ट्रॉ, काड्यापेटी, सायकलची ट्यूब यातून काय काय होतं आणि आपल्या शाळांना परवडतं. पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन केले की दीक्षा ॲपवर साहित्य मिळतं, ते आधी स्वतः बघून मगच वर्गात लावा, सगळंच सारखं नसतं. आणि क्यूआर कोडचं म्हणाल तर पुस्तकांत ते आणणारे, तेव्हा सोलापूरच्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत असलेले रणजितसिंह डिसले सर, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला ते, १० लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटली. त्यानंतर आमच्या ग्रुपवर प्रत्येकाला उपक्रमशील व्हायचं होतं, चार महिने नुसते फोटो आणि सर्टिफिकेट. लॉकडाऊनमध्ये तर दहा प्रश्नांची क्विझ सोडवली की सर्टिफिकेट, माझ्याकडे अशी तीसेक असतील, त्यातल्या एकाचाही विषय आठवत नाही. नवीन शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला ५० तास स्वतःच्या विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, पण गुरुवारचा आमचा अर्धा तास त्यात कोणी धरत नाही, त्यासाठी अधिकृत प्रशिक्षण वेगळं करावंच लागतं, ते टाळू नका.

आता माझ्या दोन चुका.

पहिली पावसाची. जुलैमधली सकाळ, धो धो पाऊस, ग्रुपवर सुट्टीचं परिपत्रक आलं, सही-शिक्क्यासकट. मी ते तसंच पालकांच्या ग्रुपवर टाकलं. परिपत्रक आदल्या वर्षीचं होतं, तारीख बारीक अक्षरात, मी वाचलीच नाही. शाळा चालू आणि माझ्या वर्गात सात मुलं. तेव्हापासून पावसाची सुट्टी म्हटलं की आधी महापालिकेचं अधिकृत हँडल बघायचं, मगच फॉरवर्ड. शासन निर्णयाचंही तसंच, खाली संगणक संकेतांक लिहिलेला असतो, शासनाच्या साइटवर जाऊन तो टाकला की खरा जीआर निघतो, नाही निघाला तर गप्प बसायचं. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा टेटचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, निकाल आला त्या रात्री ग्रुपवर सगळ्यांच्याच नोकऱ्या जाणार म्हणून रडारड चालली होती. मूळ निकाल वाचणारे दोघंच निघाले, आणि त्यांनी सांगितलं की पहिली ते आठवीच्या शिक्षकांचा प्रश्न आहे, ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलीये त्यांना टेट पास व्हायला दोन वर्षं आहेत, त्याहून कमी उरली असेल त्यांना नोकरीपुरती सूट आहे पण प्रमोशन हवं तर टेट लागेल. निकाल जड आहेच, पण अफवा त्याहून जड होती.

दुसरी चूक जास्त लागली. एका मुलीने वर्गात फार गोड चुकीचं उत्तर दिलं, मी व्हिडिओ काढला आणि स्टेटसला ठेवला, पुढे कोणीतरी तो उचलून टाकला. तिची आई शाळेत आली, चिडली नाही, फक्त म्हणाली, "बाई, चाळीत सगळे तिला त्या उत्तराने हाक मारतात." मला अजून ते वाक्य ऐकू येतं. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतो, ते आहेच, पण कायदा नसता तरी मी आता मुलांचे चेहरे टाकत नाही. वही टाकते, फळा टाकते, हात टाकते. उत्तरपत्रिका टाकायची तर नाव झाकून. आणि जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापरावर सूचना काढल्यात, वैयक्तिक आणि ऑफिसचं अकाउंट वेगळं ठेवा, शासनाच्या धोरणावर टीका नको वगैरे. त्या अनुदानित शाळेला किती लागू यावर ग्रुपमध्ये वाद घालत बसू नका, हेडमास्तरांना विचारा आणि रात्री अकरानंतर रागाने काही टाइप करू नका.

ऑनलाइन ओळखी प्रत्यक्षातही न्या. मुंबईत आपली चैन आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, वरळीला नेहरू विज्ञान केंद्र, तिथे काही असलं की आमच्यातला कोणीतरी मेसेज टाकतो आणि आम्ही तिघं-चौघं पोचतो. सिंधुदुर्गचे ते सरही एका मे महिन्याच्या सुट्टीत वरळीला भेटले, सोबत बायको, दोन मुलं आणि माझ्यासाठी कोकमाची बाटली. फोटोवरून वाटले होते त्यापेक्षा बरेच बुटके निघाले. आम्ही दीड तास फक्त सेल कुठले चांगले आणि विजेरीचे बल्ब कुठे मिळतात यावर बोललो, मी त्यांना लोहार चाळ दाखवली, विजेच्या सामानाचा बाजार, त्यांनी तिथून पोरांसाठी पिशवी भरून सामान नेलं.

अजून एक राहिलं. गणपतीत त्यांना काही विचारू नका, आणि खरंतर कोकणातल्या कुठल्याच सरांना नका विचारू. मी एकदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी लिटमसचा प्रश्न टाकला होता, उत्तर गौरी-विसर्जनानंतर आलं, आणि तेही आरतीच्या व्हिडिओखाली.