खाडीकाठच्या कारखान्याच्या संचालकांनो, या चुका टाळा

महाड, रोहा आणि लोटे परशुराम या तिन्ही औद्योगिक वसाहतींच्या खालच्या अंगाला एकेक नदी आहे. सावित्री, कुंडलिका आणि वाशिष्ठी या नद्या सह्याद्रीवरून उतरतात, थोड्याच अंतरात त्यांची खाडी होते आणि त्या खाड्यांवर भोई, कोळी आणि खारवी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आली आहेत. देशावरच्या कारखान्याची चूक कदाचित दोन-चार महिने झाकून राहत असेल; आमच्याकडे ती पुढच्या ओहोटीला कोणाच्या तरी जाळ्यात सापडते. या पट्ट्यात कंपनी सचिव म्हणून बावीस वर्षे काढल्यानंतर मला नव्या चुकांची उत्सुकता राहिलेली नाही, कारण दर दोन-तीन वर्षांनी जुन्याच चुका नव्या कोऱ्या फायलीत घालून माझ्या टेबलावर येतात.

‘नोटीस आली का?’ एवढेच विचारणे

आमच्या बोलण्यात ‘मंडळ’ या शब्दाचे दोन अर्थ असतात, एक संचालक मंडळ आणि दुसरे प्रदूषण नियंत्रण मंडळ. बहुतेक कंपन्यांत पहिले मंडळ स्वतःच्या कारखान्याची खबर दुसऱ्या मंडळाच्या नोटिशीतून घेते. वास्तविक कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६६ ने संचालकाच्या कर्तव्यांत भागधारकांच्या हिताबरोबरच कर्मचारी, समाज आणि पर्यावरणाचे रक्षण यांचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. हे कलम वाचलेला संचालक मला क्वचित भेटतो आणि पाठ असलेला त्याहून क्वचित.

काही वर्षांपूर्वी मी खाडीजवळच्या एका मध्यम आकाराच्या रसायन कंपनीत रुजू झालो. तिमाही बैठकीच्या विषयपत्रिकेत पर्यावरणाचा विषय शेवटून दुसरा असे. तोवर जेवणाची वेळ झालेली असे, अध्यक्ष कागद आवरता आवरता विचारीत, "नोटीस वगैरे काही नाही ना?" आणि कारखान्याचे व्यवस्थापक म्हणत, "काही नाही, साहेब." मी इतिवृत्तात ‘नोंद घेण्यात आली’ असे लिहून मोकळा होत असे. ते वाक्य माझ्या हाताने लिहिलेले आहे, त्यामुळे पुढे जे सांगतो आहे त्यात दोषाचा माझा वाटा मी वेगळा काढून ठेवलेला नाही.

कंपनीच्या प्रयोगशाळेच्या नोंदवहीत प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा सीओडी, म्हणजे पाण्यात उरलेल्या घाणीचे माप, लिटरमागे २१० ते २३० मिलिग्रॅम यांच्या दरम्यान असे, आणि मर्यादा होती २५० ची. असा आकडा सलग चौदा महिने. मी कायद्याचा माणूस असल्यामुळे मला ती सरळ रेषा पाहून बरे वाटत असे. रसायनशास्त्र जाणणाऱ्याला ती पाहून घाम फुटला असता. जिवाणूंच्या जोरावर चालणारे प्रक्रिया केंद्र इतके शिस्तीत कधीच वागत नाही. उत्पादन बदलले, कारखाना आठ दिवस बंद राहिला किंवा एखादी फार खारट बॅच केंद्रात गेली, तर जिवाणू मरतात, आकडा वर उडतो आणि केंद्र सावरायला बरेच दिवस घेते. ज्या वहीत आकडा कधीच उडत नाही, ती वही पाण्याकडे न पाहता मर्यादेकडे पाहून लिहिलेली असते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस पाऊस खळला नाही. चौथ्या दिवशी सकाळी खालच्या वाडीतले एक वृद्ध भोई फाटकावर आले. एका हातात पाण्याने भरलेली बाटली होती आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीत मेलेली बोय मासळी होती. सुरक्षारक्षक त्यांना आत घेत नव्हता. आवाज वाढला म्हणून मी बाहेर गेलो. ते म्हणाले, "साहेब, पाऊस लागला की तुमचा कारखाना आम्हांला नाकानं कळतो. आज पहिल्यांदाच आलोय, असं समजू नका." मी रजिस्टर मागवले. त्यांच्या आधीच्या खेपांची एकही नोंद त्यात नव्हती.

पुढच्या दोन दिवसांत जे बाहेर आले ते असे. प्रक्रिया केंद्रातल्या जिवाणूंना हवा पुरवणारे ब्लोअर रात्री बंद ठेवले जात होते. पाऊस लागण्याआधी साठवण टाकी भरत आणली जात होती आणि नाला गढूळ होऊन वाहू लागला की तिचा व्हॉल्व्ह उघडला जात होता. वहीसाठीचा नमुना शेवटच्या ज्या लहान टाकीतून घेतला जाई, तिच्यात आकडा खाली यावा म्हणून कूलिंग टॉवरचे पाणी मिसळलेले असे. व्यवस्थापक लबाड होते, असे मी आजही म्हणणार नाही. त्यांच्या वार्षिक बोनसची एक अट ‘वर्षभरात एकही नोटीस नाही’ अशी होती आणि दुसरी वीजखर्चात कपातीची. त्यांना नवी यंत्रसामग्री मिळालेली नव्हती, उत्पादन मात्र वाढलेले होते. या दोन अटी एकत्र ठेवल्या की रात्री ब्लोअर बंद करण्यावाचून दुसरा रस्ताच उरत नाही, आणि त्या दोन्ही अटी संचालक मंडळाने एकमताने मंजूर केलेल्या होत्या.

बैठकीत एका संचालकांचे म्हणणे असे पडले की पावसात सगळे वाहून गेले आहे, आता उकरून काढण्यात अर्थ नाही. अध्यक्षांनी बराच वाद झाल्यावर उत्पादन थांबवले आणि प्रदूषण मंडळाला स्वतःहून कळवले. कारखाना सात आठवडे बंद राहिला, दोन जुने ग्राहक गेले आणि भोईवाडीला द्यावयाच्या भरपाईवरून पुढे वर्षभर बोलणी चालली. व्हॉल्व्ह आणखी एक पावसाळा उघडत राहिला असता तर हिशेब काय झाला असता, हे मी इथे मांडत बसत नाही.

तेव्हापासून मी सीओडीचा तक्ता सर्वांत शेवटी पाहतो. आधी तीन कागद शेजारी शेजारी ठेवतो: महिन्याचे उत्पादन, ब्लोअरच्या स्वतंत्र मीटरचे वाचन आणि घातक कचरा पाठवताना भरलेल्या मॅनिफेस्टवरचे गाळाचे वजन. हवा दिल्यावाचून जिवाणू काम करीत नाहीत, आणि काम झाले की गाळ निघतोच. उत्पादन एक तृतीयांशाने वाढले आणि वीज व गाळ जागच्या जागी राहिले, तर सांडपाणी दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने गेलेले असते. घातक कचरा आवारात साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नसल्याने ‘गाळ अजून पाठवायचा आहे’ ही सबबही फार काळ टिकत नाही. याशिवाय जून-जुलैमध्ये कोणालाही न सांगता ओहोटीच्या वेळी मी नाल्याच्या तोंडापर्यंत चालत जाऊन येतो. ही काही शास्त्रीय पद्धत नव्हे, सवय आहे.

नव्या दमाच्या संचालकांना याऐवजी मोबाइलवर हिरवा-लाल दिवा दाखवणारी यंत्रणा हवी असते. ती जरूर बसवावी. एवढेच लक्षात ठेवावे की सेन्सर स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला तरीही दिवा हिरवाच लागतो.

नुकसानभरपाईला सामाजिक दायित्व म्हणणे

माझ्या दृष्टीने ही दुसरी मोठी चूक आहे आणि ती चांगल्या मनाची माणसेही करतात. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी, असे कंपनी कायद्याचे कलम १३५ सांगते. आता वसाहतीखालच्या वाडीतल्या विहिरीला वास येऊ लागला, कंपनीने टँकर सुरू केले, टाकी बांधली, टाकीवर स्वतःचे नाव रंगवले, फीत कापली आणि सगळा खर्च या २ टक्क्यांत दाखवला, तर त्यात दोन चुका एकाच वेळी होतात. कायद्याच्या दुसऱ्या कोणत्याही तरतुदीने अंगावर आलेली जबाबदारी पार पाडण्याचा खर्च नियमांनुसार सामाजिक दायित्वात धरता येत नाही, ही पहिली. दुसरी अधिक बोचरी: जे देणे लागतो तेच दान म्हणून दिले, हे वाडीतल्या प्रत्येकाला कळते. घागर भरणाऱ्या बाईला टाकीवरचे नाव दिसते आणि विहीर कोणामुळे सोडावी लागली हेही तिला ठाऊक असते.

अशा वेळी मी दोन खाती करतो. विहीर, पाणी आणि भरपाई यांचा खर्च कारखान्याच्या खर्चात जातो, त्याचा फलक लागत नाही आणि समारंभ होत नाही. सामाजिक दायित्वाचा पैसा त्या विहिरीशी संबंध नसलेल्या कामाला जातो. लेखापाल कुरकुर करतात, त्यांना करू द्यावी. मार्चअखेरीस शाळांना घाईघाईने संगणक वाटण्याचीही गरज नसते. चालू प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात ठेवून पुढे वापरता येते. ही तरतूद अस्तित्वात असतानाही दर मार्चमध्ये जी धावपळ होते, ती मला कधीच समजलेली नाही.

लहान दिसणाऱ्या चुका

टँकरचे कंत्राट संचालकाच्या मेव्हण्याला असते आणि वकील सांगतात की नोंद करण्याची गरज नाही. ते अक्षरशः बरोबर आहेत, कारण कंपनी कायद्यातील ‘नातेवाईक’ या व्याख्येत सख्खी भावंडे, आईवडील, मुले, सून आणि जावई येतात, पण पत्नीचा भाऊ येत नाही. कोकणात अर्धा तालुका एकमेकांचा पाहुणा असतो, हेही खरे. माझा नियम सोपा आहे: वाडीत ज्याला पाहुणा म्हणतात, त्याचे नाव संचालकाने बैठकीत सांगावे, इतिवृत्तात यावे आणि कंत्राटाचा दर ठरताना त्या संचालकाने खोलीबाहेर बसावे.

स्वतंत्र संचालक म्हणून अध्यक्षांचे वर्गमित्र नेमू नयेत.

तक्रारपेटीची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रारी येतात त्याच्याकडे ठेवू नये. हे लिहावे लागते, याचेच मला नवल वाटते.

लहान फॅब्रिकेटर आणि रंगकाम करणारे यांची बिले अडवून रोकड राखणे ही हुशारी नव्हे. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नमुन्यात जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल देणे सक्तीचे झाले. त्यामुळे मुंबईहून सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परतणारे सल्लागार वाढले आहेत. त्यांच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर खंड्या पक्षी असतो आणि आतला मजकूर दुसऱ्या कंपनीचा असतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या पर्यावरण अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर सापडला होता, हे या मंडळींना कोणीतरी सांगायला हवे. माझ्याकडे आलेला कोणताही अहवाल मी आधी त्या गावातल्या एका माणसाला वाचून दाखवतो. ओढ्याचे नाव चुकले असेल तर पुढे वाचण्याचे कष्ट घेत नाही.

राहिली जनसुनावणी. विस्ताराच्या प्रकल्पासाठी सुनावणी लागते तेव्हा ती भातलावणीच्या दिवसांत उरकण्याचा मोह अनेकांना होतो, कारण गाव शेतात असते आणि सभामंडप रिकामा राहतो. तारीख कंपनी ठरवत नाही हे खरे; पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणी प्रदूषण मंडळ घेते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात आणि निदान ३० दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते. परंतु ही प्रक्रिया अर्ज मिळाल्यापासून ४५ दिवसांत पुरी करायची असते, त्यामुळे अर्ज कधी करायचा यावर पुष्कळ काही अवलंबून असते आणि तो निर्णय कंपनीचाच असतो. मी अर्ज मार्चच्या शेवटी करायला लावतो, म्हणजे सुनावणी मेमध्ये येते. तेव्हा आंब्यासाठी आलेले चाकरमानी गावात असतात, त्यांच्यातले कोणी बँकेत असतात, कोणी रसायन कारखान्यातच नोकरीला असतात, आणि ते अहवाल वाचून, खुणा करून, प्रश्न लिहून आणतात. व्यवस्थापकांना या दिवसांची धास्ती वाटते. सुनावणी त्याच दिवसांत व्हावी, असा माझा आग्रह असतो.