दोन ग्राफिक्सचा लॅपटॉप लिनक्स सुरू होताना काळा पडला तर

नागपूर-अमरावतीहून सेकंडहँड आणलेल्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा मिंट टाकलं, कंपनीचा लोगो आला, ग्रबचा (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा) मेनू आला आणि पुढे पडदा काळा. पंखा फिरतोय, चित्र नाही. अशा वेळी गावातला पहिला सल्ला असतो, ‘फॉरमॅट मार’. तो आधी बाजूला ठेवा. बहुतेक वेळा डिस्क आणि डेटा शाबूत असतो, फक्त चित्र पडद्यापर्यंत पोचत नसतं.

या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात: एक प्रोसेसरमधलंच इंटेलचं, दुसरी वेगळी चिप, बहुतेकदा एनव्हिडियाची. पडदा सहसा इंटेलला जोडलेला असतो. एनव्हिडिया जड काम करून तयार चित्र इंटेलच्या हवाली करते. एनव्हिडियाने २०१० साली ही पद्धत ऑप्टिमस नावाने आणली. लिनक्स सुरू होताना नूवो नावाचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) ती दुसरी चिप जागी करायला जातो आणि बायोसशी (लॅपटॉपच्या मूळ सॉफ्टवेअरशी) त्याचं जमलं नाही की गाडी तिथेच अडते.

आधी ती अडली कुठे, ते पाहा. एस्केप किंवा शिफ्ट दाबूनही ग्रबचा मेनूच येत नसेल तर दोष बहुधा ग्राफिक्सचा नाही, बायोसमधली बूट ऑर्डर (आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम) तपासा. मेनूनंतर काळं झालं तर कॅप्स लॉक दाबा. दर वेळी दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) जिवंत आहे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. पांढऱ्या अक्षरांत लॉगिन मागितलं तर बिघाड फक्त ग्राफिकल लॉगिनचा. कॅप्स लॉकही हलत नसेल तर कर्नल गोठलाय. एक गंमत: खोलीत अंधार करून पडद्यावर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. पुसट चित्र दिसलं तर सगळं चालू आहे, फक्त मागचा प्रकाश बंद आहे.

आता दुरुस्ती. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. लॅपटॉप चालू करताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून मेनू आणा, पहिल्या ओळीवर ‘ई’ ही की दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्या शेवटी ‘क्वाएट स्प्लॅश’ असेल, ते दोन्ही शब्द खोडा, म्हणजे सुरू होताना अक्षरं सरकताना दिसतील आणि गाडी थांबली तर शेवटच्या ओळीचा फोटो काढता येईल. मग एक जागा सोडून ‘नूवो.मोडसेट=०’ लिहा. नूवोचं स्पेलिंग एन-ओ-यू-व्ही-ई-ए-यू. कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, म्हणून बिनधास्त करा.

नेटवर सगळीकडे ‘नोमोडसेट’ लिहायला सांगतात. त्याने आत शिरता येतं, पण ते इंटेललाही अडवतं: अक्षरं मोठी-फाटकी दिसतात, ब्राइटनेसच्या कळा चालत नाहीत. पहिला उपाय फसला तरच ते वापरा आणि कायमचं तर ठेवूच नका. दुसरी चिप एएमडीची असेल तर ‘रेडिऑन.रनपीएम=०’, नव्या चिपवर ‘एएमडीजीपीयू.रनपीएम=०’ करून बघा.

लॅपटॉप सुरू होतो पण बंद करताना लटकतो, अशीही तक्रार असते. तिथे चिपची वीज बंद-चालू करण्यात घोळ असतो, त्यावर ‘नूवो.रनपीएम=०’. मात्र मग चिप कायम जागी राहते, बॅटरी लवकर उतरते आणि लॅपटॉप तापतो. चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, हा उपाय तात्पुरताच बरा.

आत शिरलात की ‘एलएसपीसीआय’ ही कमांड द्या आणि चिपचं नाव टिपून घ्या. एनव्हिडिया बऱ्याचदा ‘व्हीजीए’ऐवजी ‘थ्रीडी कंट्रोलर’ या ओळीत दिसते. फक्त व्हीजीए शोधणाऱ्याला वाटतं, दुसरं कार्ड नाहीच.

ड्रायव्हर काहीशे एमबीचा असतो, तेव्हा रोजचा डेटा संपत आला असेल तर उद्यावर ढकला. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, वायफाय चालत नसलं तरी हे बहुधा चालतं. आधी ‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडा. एनव्हिडियाच्या साइटवरची ‘डॉट रन’ फाइल हाताने बसवू नका, पुढच्या कर्नल अपडेटला पुन्हा काळोख होण्याची शक्यता मोठी.

सिक्युअर बूट (फक्त मान्य सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगतो. रीस्टार्टला निळा पडदा येतो: ‘एनरोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मग तोच पासवर्ड. हा पडदा थोड्या सेकंदांत निघून जातो, म्हणून रीस्टार्ट देऊन चहाला जाऊ नका. तो हुकला की ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चालत नाही. सिक्युअर बूट बंद करूनही भागतं, पण शेजारी बिटलॉकर (डिस्कला लागणारं कुलूप) लावलेलं विंडोज असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.

८२०एम सारख्या जुन्या चिपला ३९० मालिकेचा ड्रायव्हर लागतो, ९२०एमला ४७० चा. कंपनीने दोन्ही मालिका थांबवल्या आहेत. अशा यंत्रावर झुंजत बसू नका. सातबारा काढणं, पीक विम्याचा फॉर्म, हिशेबाचं स्प्रेडशीट, एवढ्याला इंटेल पुरे. ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरात ‘.कॉन्फ’ने संपणारी नवी फाइल करून तिच्यात ‘ब्लॅकलिस्ट नूवो’ आणि खालच्या ओळीत ‘ऑप्शन्स नूवो मोडसेट=०’ लिहा, मग ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’. ग्रबमधला दुसरा कुठला बदल कायम करायचा असेल तर तो ‘ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ फाइलमध्ये ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे, अवतरणचिन्हांच्या आत लिहून ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या.

आपल्याकडचं खास दुखणं म्हणजे अपडेट चालू असताना लाइन जाणं. सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी मेलेली, कर्नल अर्धवट बसलेला, दुसऱ्या दिवशी पडदा काळा. ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुना कर्नल निवडा. आत गेल्यावर क्रमाने ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’. मग ‘डीकेएमएस स्टेटस’ (कोणत्या कर्नलसाठी ड्रायव्हर बसलाय ते दाखवणारी कमांड): तुमचा ड्रायव्हर तिथे दिसत असेल तर नव्या कर्नलच्या क्रमांकापुढे ‘इन्स्टॉल्ड’ हवं. ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ बसवा. ‘डीएफ -एच’ने बूट विभाग भरलाय का तेही पाहा, भरला असेल तर ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’. एक जुना कर्नल मात्र नेहमी राहू द्या.

ड्रायव्हर बसल्यावर लॉगिननंतर काळं होत असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने जाऊन ‘सुडो प्राइम-सिलेक्ट इंटेल’ आणि रीस्टार्ट. चाललं तर पुढे ‘इंटेल’च्या जागी ‘ऑन-डिमांड’ करून पाहा. कोणी ‘एनव्हिडिया-एक्सकॉन्फिग’ चालवलं असेल तर ‘ईटीसी/एक्स११’मध्ये ‘झॉर्ग.कॉन्फ’ नावाची फाइल तयार झालेली असते (स्पेलिंग एक्स-ओ-आर-जी). तिचं नाव बदला. दोन ग्राफिक्सच्या यंत्रात ती फाइलच पडदा अडवते.

तरीही काही दिसत नसेल तर एचडीएमआयला टीव्ही लावून बघा. बऱ्याच मॉडेलांत तो सॉकेट थेट एनव्हिडियाला जोडलेला असतो, म्हणून लॅपटॉप काळा आणि टीव्हीवर लॉगिन, असं होऊ शकतं. तिथूनच लॉगिन करून ‘जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर’ द्या, इथे -१ म्हणजे मागच्या खेपेची नोंद. लाल ओळींत नूवो, एनव्हिडिया किंवा आय९१५ (इंटेलचा ड्रायव्हर) यांपैकी जे नाव आधी येतं, दुरुस्ती तिथून सुरू करा.