बर्नआउट करताना टायरचे नेमके काय होते आणि त्यापासून कसे सांभाळावे

गाडी ब्रेकवर रोखून धरायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा आणि चाके जागच्या जागी फिरवून धूर काढायचा, या प्रकाराला बर्नआउट म्हणतात. बघणाऱ्याला त्यात रबर झिजताना दिसते. खरा धोका मात्र टायरच्या आत तयार होत असतो, आणि चालकासमोरचा स्पीडोमीटरही त्याची पुरती कल्पना देत नाही.

वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावे म्हणून इंजिनाची ताकद डिफरन्शियलमार्फत त्यांच्याकडे जाते. एका चाकाची पकड सुटली आणि दुसरे थांबलेले राहिले, तर साध्या डिफरन्शियलमध्ये सुटलेले चाक दुप्पट गतीने फिरू लागते. गिअरबॉक्सवरून वेग मोजणारा स्पीडोमीटर दोन्ही चाकांची सरासरीच दाखवतो. म्हणजे काटा ८० वर असताना ते चाक ताशी १६० किलोमीटरच्या गतीने फिरत असते. शिवाय गती दुप्पट झाली की टायरला बाहेरच्या बाजूने फाडू पाहणारा ताण चौपट होतो. टायरच्या बाजूवर मापाशेजारी वेगमर्यादेचे अक्षर असते, उदाहरणार्थ ‘टी’ म्हणजे ताशी १९० आणि ‘एच’ म्हणजे २१० किलोमीटर; पण ही मर्यादा योग्य हवा असलेल्या, रस्त्यावर धावणाऱ्या टायरसाठी आहे, जागेवर घासून तापणाऱ्या टायरसाठी नाही.

उष्णतेचा परिणाम याहून वाईट असतो. टायरचे रबर गंधकाच्या साहाय्याने पक्के केलेले असते. प्रमाणाबाहेर तापल्यावर हे बंध तुटू लागतात, रबर मऊ पडते आणि आतल्या पोलादी तारांच्या पट्ट्यांवरची त्याची पकड ढिली होते. मग थर सुटतात आणि टायर फुटतो किंवा त्याची वरची पट्टी सोलून निघते. वेगाने भिरकावलेला असा तुकडा माणसाला गंभीर जखमी करू शकतो आणि गाडीखालची ब्रेकची नळीही तोडू शकतो. म्हणून फिरणाऱ्या चाकाच्या मागे, पुढे किंवा बाजूला कोणी उभे राहू नये. फोनवर चित्रण करणाऱ्याने तर नाहीच. ब्रेक तापून त्याची पकड सुटली किंवा टायरने अचानक रस्ता पकडला, तर गाडी झेप घेते हेही लक्षात असावे. त्या धुरात सूक्ष्म कण आणि गंधकयुक्त संयुगे असतात, आणि बंद जागेत त्यात एक्झॉस्टमधल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडची भर पडते.

हौस नसतानाही बर्नआउट घडते, आणि माझ्या मते याच प्रसंगाची तयारी प्रत्येक चालकाने ठेवायला हवी. गाडी चिखलात किंवा वाळूत रुतली की घाईघाईने अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो. अशा वेळी काटा ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये, अशी टायर उत्पादकांची सूचना असते. पण चाक नुसते फिरते आहे असे जाणवताच थांबणे अधिक चांगले, कारण प्रत्येक फेरीसोबत खड्डा खोल होतो. स्टिअरिंग सरळ करावे, चाकासमोरचा चिखल उकरून काढावा, खाली खडी पसरावी आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. चाकाखाली फळी घातल्यास सर्वांना आधी दूर उभे करावे, कारण तीही मागे उडते. एवढ्याने न निघाल्यास गाडी ओढून काढावी. इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नये: झोपेत पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडून इंजिन किंवा चाक तापत राहते, आणि खाली वाळलेले गवत असेल तर ते पेटते.

टायरने पेट घेतलाच, तर सर्वांनी उतरून लांब जावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. पावडरच्या अग्निशामकाने ज्वाळा दबल्या तरी रबरातली उष्णता टिकून राहते, त्यामुळे आग पुन्हा भडकू शकते.

चाके बराच वेळ जागेवर फिरली असतील, तर टायर आपोआप थंड होऊ द्यावा आणि गरम असताना त्यातली हवा कमी करू नये. त्यानंतर त्याची गाडीकडची बाजूही टॉर्चने पाहावी. फुगवटा, उघडी पडलेली तार, उचललेली पट्टी किंवा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरलेली नक्षी, यांपैकी काहीही दिसल्यास टायर बदलावा. बाहेरून काही न दिसल्यास तो रिमवरून उतरवून आतून तपासून घ्यावा. आत रबराचा भुगा किंवा सुरकुत्या आढळल्या तर तो स्टेपनी म्हणूनही ठेवू नये. वापरलेली गाडी घेताना मागच्या चाकांवरच्या कमानीत हात फिरवून बघावा: तिथे वितळून घट्ट चिकटलेले रबराचे गोळे लागले, तर टायरसोबत क्लच आणि डिफरन्शियलचीही तपासणी करून घ्यावी.